‘चालतंय’ म्हणणाऱ्या बाईची काळी गाडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा लिफ्ट तपासनीस, राहणार चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय करीत आहे. वकीलबाईंच्या मसुद्यात ‘दबावाखाली अथवा भीतीखाली नसताना’ असे होते. त्यातली भीती मी खोडायला लावली. सुरुवातच खोट्याने कशाला करायची? वकीलबाई म्हणाल्या, "काका, असं केलं तर पुढे कोणीतरी म्हणेल की तुम्हाला घाबरवून लिहून घेतलं." म्हणून खुलासा करतो. मला कोणी घाबरवलेले नाही. माझी भीती थोडी वडिलोपार्जित आणि बाकीची स्वकष्टार्जित आहे.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. ती नीट मिटत नाही, गळते. सर्जन म्हणाले, "आमचं हे रोजचंच ऑपरेशन आहे." त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे. त्यामुळे जे सांगायचे ते आताच सांगितलेले बरे.

नोकरीत मला घाबरण्याचाच पगार मिळाला. लिफ्टचा दोर तुटेल, दार अर्ध्यात उघडेल, पाळणा दोन मजल्यांच्या मध्ये अडकेल, हे सगळे आधी मनात घडवून पाहायचे आणि मग सही करायची. लोक आत शिरायला लागले की मी म्हणत असे, "थांबा जरा." खात्यात माझे नावच ‘थांबाजरा’ पडले. नव्या साहेबांना माझे खरे नाव निवृत्तीच्या समारंभात कळले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे आमची ही म्हणायची. माझे म्हणणे, ब्रह्मराक्षस असतोच. भित्र्याला तो आधी दिसतो एवढेच.

कलम १. राहते घर मुलगा (यापुढे ‘थोरला’) आणि मुलगी (यापुढे ‘धाकटी’) यांना समान वाट्याने द्यावे. इमारतीच्या लिफ्टने कोणी जाऊ नये असे मी म्हणत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षे जिन्याने गेलो. आता डॉक्टरांनी जिना बंद केल्यामुळे लिफ्टने जातो, आणि दार मिटले की दोरांचा आवाज ऐकत उभा राहतो. शेजारी लोक मला नमस्कार करतात, मला तो दिसत नाही. त्याबद्दल त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. बाल्कनीच्या कठड्याचा कोपऱ्यातला गज हलतो, त्याला कोणी टेकू नये. गॅसचा खटका झोपण्यापूर्वी बंद करावा. केला का, हे पुन्हा उठून पाहावे.

कलम २. बँकेतील शिल्लक दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा उभा स्टीलचा डबा मात्र तीत धरू नये. तो गाडीचा आहे. हिने तो गाडीसाठी ठेवला होता आणि त्यात आम्ही दर महिन्याला काही ना काही टाकत आलो. किती आहेत ते मी मोजत नाही. मोजले की कमी वाटतात आणि धास्ती वाढते.

कलम ३. हत्यारांची पेटी मी गॅरेजवाल्याला आजच हातात दिली आहे. त्याला सगळी गल्ली ‘उद्या’ म्हणते, कारण कोणतीही गाडी कधी मिळेल असे विचारले की त्याचे उत्तर ठरलेले असते. पेटी मृत्युपत्रात घातली असती तर त्याला साक्षीदार होता आले नसते, असे वकीलबाई म्हणाल्या. पेटीतून मी फक्त लांब दांड्याचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढून ठेवला आहे. त्याचे टोक चालत्या यंत्राला लावायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, की आतले सगळे ऐकू येते. कोणता खिळा सैल आहे, कोणते बेअरिंग रडते आहे, सगळे. त्याचे काय करायचे ते पुढे येईल.

कलम ४. जुने राग. वकीलबाईंनी हे कलम काढायला सांगितले होते. मी ठेवले. राग हीसुद्धा मागे राहणारी वस्तू आहे आणि तिची व्यवस्था लावावी लागते.

पहिला राग दातांच्या डॉक्टरवर. काळी गाडी त्याच्याकडून घेतली. ‘डॉक्टरची गाडी, एकहाती वापरलेली’ अशी जाहिरात होती. आम्ही पाहायला गेलो तेव्हा मी बॉनेटवर हात ठेवला. ते आधीच गरम होते. मी हिच्या कानात म्हणालो, "अगं, थांब जरा. आपण यायच्या आधी हिनं कुठंतरी फेरी मारलीय." ही म्हणाली, "चालतंय," आणि स्टीअरिंगवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात थंड इंजिन चालू केले तेव्हा डब्यात खिळे हलवल्यासारखी खुळखुळ ऐकू आली. मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "थंडी आहे हो. गरम झाली की जातं. काही दुखणार नाही." हे वाक्य त्याने आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावून ऐकवले असणार. त्याला माझ्या मृत्यूची बातमी कळवू नये.

दुसरा राग हिच्यावर. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरला आहे. ही आजारी पडून दवाखान्यात होती. उशाशी ते हिरव्या रेघेचे यंत्र होते. मी दुपारी विचारले, "कसं वाटतंय?" ती रेघेकडे पाहून म्हणाली, "चालतंय." मला वाटले, बरे आहे. मी तिचे स्वच्छ कपडे आणायला घरी गेलो. परत आलो तेव्हा पलंगावर नवी चादर घातलेली होती आणि यंत्र बंद होते.

सगळ्या जन्मात प्रत्येक गोष्टीला हिचे हे एकच उत्तर. छत गळले, चालतंय. पोराचा ताप उतरेना, चालतंय. गाडीत करपल्याचा वास आला, चालतंय. निदान त्या दिवशी तरी तिने मला खरे सांगायला हवे होते. मी गेलो नसतो.

कलम ५. काळी गाडी. हिचा धंदा गाडी शिकवण्याचा होता. स्वतःची छोटी शाळा होती, दारावर पाटी, आणि दोन ब्रेकची एक खटारा गाडी, एक ब्रेक शिकणाऱ्याला आणि दुसरा शिकवणाऱ्याला. सारा जन्म दुसऱ्यांच्या क्लचवर गेला, असे म्हणायची. शाळा बंद केली त्या महिन्यात ही गाडी घेतली. बुटकी, काळी, चार दारांची, पण आत शर्यतीच्या गाडीचे इंजिन. नवी असताना आम्ही तिच्या दुकानातही शिरलो नसतो. जुनी होती म्हणून परवडली. म्हणजे घ्यायला परवडली.

पहिल्या वर्षी पाण्याचा पंप गेला. साध्या गाडीचा पंप जाण्यापूर्वी कुरकुर करतो. या गाडीचा विजेवर चालतो आणि न सांगता जातो. मग इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून तेल पाझरू लागले. ते तापलेल्या नळीवर पडे आणि आत करपल्याचा वास भरे. पुढच्या चाकांचे रबरी बुश बदलले, ते पुन्हा झिजले. टायर असे की पंक्चर झाले तरी काही अंतर धावतात, म्हणून स्टेपनीच नाही. ते एक घ्यायचे म्हणजे थोरल्याच्या गाडीचे चार. पेट्रोल भारी, तेल भारी, विमा भारी. थोरला विमा कंपनीत आहे. तो दर फोनला म्हणतो, "बाबा, चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. काळा असला तरी हा पांढरा हत्तीच आहे. विका." ‘उद्या’ त्याच्या भाषेत तेच सांगतो: "काका, गाडी तुम्हाला निम्म्यात मिळाली, पण पार्टांना ते माहीत नसतं."

आणि ती खुळखुळ. इंजिनाच्या आत एक साखळी असते. ती प्लास्टिकच्या पट्टीवरून सरकते. पट्टी झिजली की साखळी ढिली पडते आणि थंड इंजिनात वाजते. पट्टी तुटली आणि साखळी एक दात जरी सरकली, तर आतले सगळे एकमेकांवर आदळते आणि गाडी असेल तिथे, असेल त्या वेगात मरते. या गाडीत साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे. म्हणजे बदलायची तर अख्खे इंजिन खाली उतरवायचे. त्याचा खर्च ऐकून मी खाली बसलो होतो. मी ‘उद्या’ला विचारले, "किती दिवस चालेल?" तो म्हणाला, "दहा वर्षं चालेल, नाहीतर गल्लीच्या वळणावर जाईल." लिफ्टचा दोर तुटला तर पाळण्याच्या बुडाशी पकडी असतात, त्या रुळाला धरतात. साखळीला पकड नाही. हे कळल्यापासून मला त्या गाडीत कधी सुखाने बसता आले नाही.

तरी मी बसत होतो, कारण ही चालवायची. मी शेजारी. माझ्या पायापाशी ब्रेक नव्हता, पण मी दाबत असे. त्या चटईला माझ्या उजव्या टाचेने भोक पाडले आहे. "अहो, तिथं ब्रेक नाही," ही म्हणायची. मी म्हणायचो, "आवाज ऐकलास का?" ती म्हणायची, "चालतंय."

ही गेल्यानंतर मी गाडी रोज सकाळी चालू करतो, स्क्रूड्रायव्हर लावून ऐकतो आणि बंद करतो. फार झाले तर कोपऱ्यापर्यंत नेतो. आता व्यवस्था. धाकटीला गाडी हवी आहे. धाकटी तिच्या आईवर गेली आहे. तलावावर पोहायला शिकवते, पहिल्यापासून खोल पाण्याकडे धावणारी. तिच्या हातात ही गाडी म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे रस्त्याच्या मधोमध तुटलेली साखळी आणि मागून येणारा ट्रक. मी हे चित्र इतक्यांदा पाहिले आहे की ट्रकचा रंगसुद्धा सांगू शकेन. विकावी, तर ‘चालतंय’ म्हणून विकावी लागेल, आणि मग दुसऱ्या कोणाची तरी धाकटी त्या ट्रकपुढे येईल. म्हणून माझ्या पश्चात काळी गाडी कोणालाही न देता, न विकता, डोंगरापलीकडच्या भंगारवाल्याकडे द्यावी आणि ती समोर कापली गेल्याचे पाहूनच परत यावे.

इथपर्यंत शनिवारी लिहून झाले होते. वकीलबाई म्हणतात, पुढचे वेगळ्या कागदावर लिहून वेगळी सही करा. मी म्हणतो, जसे घडले तसेच राहू द्या. माणूस मत बदलतो ते कागद बदलून नव्हे.

कलम ६. रविवारी धाकटी ऑपरेशनसाठी राहायला आली. कागद टेबलावर होते. तिने वाचले. मी भाजी चिरत होतो.

"भंगारात?" ती म्हणाली. "आईची गाडी?"

"माझ्या पश्चात. आत्ता नाही."

"पश्चात मी एकटीनं न्यायची का? त्यापेक्षा आत्ताच नेऊ. तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे. चला, चप्पल घाला."

मला वाटले ती डाव करते आहे. मी नाही म्हणालो की कलम पाच फाडणार. म्हणून मी चप्पल घातली. हे आम्हा दोघांचे जुने आहे, कोण आधी मागे सरतो ते पाहायचे. तिची आई असती तर दोघांनाही खाली बसवले असते.

इंजिन थंडच होते. चालू झाले तसे खुळखुळले. धाकटीने मान तिरकी करून ऐकले आणि लगेच गाडी काढली नाही. खुळखुळ विरेपर्यंत बसून राहिली. हे मी तेव्हा पाहिले, पण मनात धरले नाही. मी पट्टा ओढून पाहत होतो.

भंगारवाल्याकडे जायला डोंगराखालून बोगदा आहे. आत शिरल्यावर रस्ता चढत जातो, दोन्ही बाजूंना भिंत, थांबायला जागा नाही. अर्ध्यावर गेलो आणि गाडीने दम सोडला. खड्डा नाही, धक्का नाही, नुसती ताकद गेली. समोर पिवळा दिवा लागला. वेग उतरत चालला, आणि मागून उजेड आला. ट्रक होता. मी आरशात पाहिले. हा तोच होता, फक्त रंग वेगळा. त्याचा हॉर्न बोगद्यात भरून राहिला. माझी टाच चटईच्या भोकात गेली होती. मी काहीतरी ओरडत होतो, काय ते मला आठवत नाही.

धाकटीने चारही इंडिकेटर लावले. गाडी भिंतीच्या कडेला घेतली. आणि ती बोलू लागली, एकसुरी, जोरात, मला नव्हे तर काचेला सांगितल्यासारखी.

"ट्रक मागं आहे. त्यानं वेग कमी केलाय. आपण कडेला आहोत. पिवळा दिवा आहे, लाल नाही. चालतंय. बोगद्याचं तोंड दिसतंय. चालतंय."

मी म्हणालो, "दाब. दाब, निघून जाऊ."

"नाही," ती म्हणाली. "चालतंय."

त्या क्षणी मला तिच्यात तिची आई दिसली आणि संताप आला. मी मरायला निघालो आहे आणि हिला चालतंय. मग माझे लक्ष तिच्या हातांकडे गेले. बोटांची पेरे पांढरी पडली होती आणि ओठ थरथरत होते. प्रत्येक वाक्य ती त्या थरथरणाऱ्या ओठांतून बाहेर ढकलत होती.

रांगत रांगत आम्ही बाहेर आलो. तोंडाशी गाड्या थांबवायला मोकळी जागा आहे, तिथे तिने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केले. ट्रकवाला खिडकीतून काहीतरी बोलून गेला. तिने हात स्टीअरिंगवरून काढले नाहीत.

"तुला भीती वाटली?" मी विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता.

"मग काय तर. अजून गेली नाही."

"मग चालतंय, चालतंय काय लावलं होतंस?"

तिने माझ्याकडे, जणू मी बाराखडी चुकलो आहे, असे पाहिले. "इंजिन चालतंय, बाबा. आईनं शिकवलेलं. घाबरलात तर गप्प बसू नका, घाबरून पेडलवर पायही मारू नका, समोर जे खरं आहे तेवढं मोठ्यानं सांगा. सिग्नल लाल आहे. सायकलवाला कडेला आहे. इंजिन चालतंय. सगळ्या पोरांना तेच शिकवायची. इंजिन शब्द मग गळून जायचा."

"मला वाटायचं, ती म्हणते, ठीक आहे, चालवून घेऊ."

"गाडीला कोणी ‘चालतंय’ म्हणेल का? गाडी चालतेय. चालतंय ते इंजिन."

मी जन्मभर व्याकरणात पास होत आलो आहे. हे माझ्या लक्षात आले नव्हते.

"म्हणजे तीही घाबरायची?" मी विचारले.

"तुमच्यापेक्षा जास्त. म्हणायची, तुझ्या बाबांना भीती वाटली की ते दुसऱ्याला थांबवू शकतात. मला थांबता येत नाही, स्टीअरिंग माझ्या हातात असतं."

हिरवी रेघ मला तिथेच, त्या मोकळ्या जागेत आठवली. रेघेकडे पाहून ती म्हणाली होती, चालतंय. हृदय. हृदयही चालतंयच म्हणतात. तिने मला बरे आहे असे सांगितलेच नव्हते. तिला भीती वाटत होती आणि समोर जे खरे होते तेवढे तिने मोठ्याने सांगितले होते, आणि शिकवल्यासारखे सांगितले होते. आणि मी उठून कपडे आणायला गेलो होतो. धाकटीने मला रडू दिले आणि टो करणाऱ्याला फोन लावला.

भंगारवाला तिथून हाकेच्या अंतरावर होता. आम्ही गाडी उलट दिशेला, ‘उद्या’कडे पाठवली. त्याने तेल काढले आणि हात पुसत बाहेर आला. तळहातावर तपकिरी प्लास्टिकचे तुकडे होते. दम गेला तो पेट्रोलच्या पंपामुळे, असे तो म्हणाला, पण हे तुकडे साखळीच्या पट्टीचे.

"जोरात दाबली असती तर?" मी विचारले.

"ते मला विचारू नका, काका."

"कधी उघडतोस?"

"आज," तो म्हणाला. मी त्याला इतकी वर्षे ओळखतो, हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो.

कलम ७. सबब कलम ५ मधील शेवटचे वाक्य रद्द. काळी गाडी धाकटीला द्यावी. ती धीट आहे म्हणून नव्हे. गाडीला भिणारा माणूस हवा होता आणि तो माझ्या घरातच होता, हे मला उशिरा कळले. इंजिन उतरवण्याचा, साखळीचा आणि पंपाचा खर्च डब्यातून करावा. अपुरा पडला तर बचतीतून, माझ्या नावाने. थोरल्याने यावर कोंबडीची म्हण ऐकवू नये. त्याचे म्हणणे हिशेबाने बरोबर आहे, आणि त्याने ते काळजीपोटी म्हटले हेही मला कळते. माझी सून म्हणून आलेली बाई त्याच्या शेजारी बसून माझ्यासारखीच चटई दाबते, हे मी पाहिले आहे. तिच्याशी त्याने याविषयी बोलावे.

धाकटीला लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर द्यावा. रोज सकाळी थंड इंजिनाला लावून ऐकावे. नवी साखळी आहे म्हणून ऐकणे सोडू नये, नव्या दोराची लिफ्टही मी ऐकतच असे. पुढेमागे गाडी विकायची झाली तर ती थंड असतानाच दाखवावी, घेणाऱ्याला स्वतः चालू करायला लावावी आणि जे वाजेल ते ऐकू द्यावे. शेजारच्या सीटपुढची चटई बदलू नये. तिथे कोणी बसेल तेव्हा त्याला पाय ठेवायला जागा असावी.

कलम ८. कलम ४ मधील दुसरा राग मी मागे घेत आहे. पहिला कायम आहे.

कलम ९. व्यवस्थापक म्हणून वकीलबाईंची नेमणूक करतो. त्या या कागदावर नाराज आहेत, पण त्यांनी यातला एकही शब्द बदलला नाही.

कलम १०. ही शेवटची सूचना माझ्या मृत्यूनंतरची नाही, आधीची आहे. वकीलबाई म्हणतात मृत्युपत्रात अशी सूचना बसत नाही. बसवा. ऑपरेशननंतर मी शुद्धीवर येईन तेव्हा तुम्ही दोघे विचाराल, बाबा, कसं वाटतंय? मला बोलता आले तर मी बहुधा एकच शब्द म्हणेन. तुमच्या आईचाच. त्याचा अर्थ बरे आहे असा नाही. त्याचा अर्थ मला भीती वाटते आहे आणि आत अजून चालू आहे, इतकाच. तेव्हा तो ऐकून कपडे आणायला, डबा आणायला, डॉक्टरांशी बोलायला, कशालाही उठू नका. माझ्याजवळ थांबा जरा.

हे लिहिलेले मी स्वतः पुन्हा वाचले, धाकटीने मला वाचून दाखवले, आणि खालील दोघांच्या समोर, शुद्धीत आणि भीतीत, सही केली.

साक्षीदार पहिल्या: खालच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका. सही करताना यांचा हात कापत होता, पण मन ठिकाणावर होते, असे मी सांगते.

साक्षीदार दुसरा: गॅरेजवाला. माझ्या समोर सही झाली. गाडी तयार आहे.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे तोच.

सही
(थांबाजरा)